दोन टिंबं

व्याह्यांनी शालनची ट्रंक ओसरीवर ठेवली. "स्टोव्ह भडकला, दुसरं काय सांगणार," एवढंच म्हणून ते पाणीही न घेता निघून गेले.

बोंद्रे सरांनी ट्रंक उघडली. लेकीच्या साड्यांखाली तिची पत्रं होती. लग्नानंतर तिनं इंग्रजी विसरू नये म्हणून सर तिला इंग्रजीतूनच पत्रं लिहायला लावत आणि आलेलं प्रत्येक पत्र लाल शाईनं तपासून परत पाठवत. कोलनपाशी मात्र पोरगी दर वेळी अडखळायची. "आधीचं वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहू दे, मग दे ती दोन टिंबं," असं सर समासात लिहायचे. एकदा तिनं पत्राखाली मराठीत लिहिलं होतं, "अण्णा, ही दोन टिंबं बघितली की मला 'दुःख'च आठवतं." सर खूप हसले होते.

सगळ्यात वरचं पत्र गेल्या महिन्यातलं होतं. इनमीन एक ओळ. 'आय वॉन्ट ओन्ली वन थिंग: टेक मी होम.'

ते आलं तो दिवस सरांना आठवला.

"काय लिहिलंय पोरीनं?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं होतं.

"अगं, कोलन बरोबर दिलाय!" सर आनंदानं ओरडले होते.

आता त्या ओळीवर त्यांचीच लाल खूण होती, ठसठशीत, बरोबरची. खाली शेरा होता: 'शाब्बास. अशीच लिहीत जा.'