घरटी एक सुई

“आमच्या घरातनं ही,” म्हणत शिदूनं बायकोला पुढं ढकललं आणि स्वतः मारुतीच्या देवळामागं सरकला.

लोणावळ्याहून पटकीची लस घेऊन आलेल्या सरोजिनीबाई डॉक्टर ओरडून थकल्या होत्या. सगळ्यांनी टोचून घ्या, सगळ्यांनी! पण कुरवंड्यात रस्त्याच्या कामाला घरटी एक माणूस, पालखीला घरटी एक, मग सुईलाच सगळं गाव कशाला? आणि एकच जायचं तर शिदू कशाला जाईल? नागफणीच्या कड्यावरून गवताचा भारा घेऊन उतरणारा हा गडी सुई बघूनच पांढराफटक पडला होता.

बायकोचा, हिराचा, दंड सुजला, अंगात ताप भरला. तापातच तिनं दळण केलं, पाणी आणलं. “लागू पडलं औषद घराला,” म्हणत शिदू ताणून झोपला.

ज्येष्ठात विहिरीचा तळ दिसला आणि पटकी आलीच. नवराबायको एकाच माठातलं पाणी प्यायले. हिरा ठणठणीत राहिली. शिदूच्या हातातलं टमरेल मात्र खाली पडेना, शेवटी शिदूच पडला. डोळे खोल गेले, पायांत गोळे आले. आता हा जातो, असं सगळ्यांनी धरलं. एसटी तेव्हा गावात येत नव्हती. हिरा पळतच लोणावळ्याला गेली आणि डॉक्टरबाईंना घेऊन आली.

बाईंनी आढ्याला सलाईनची बाटली टांगली.

“पर आमच्या घराला टोचलंय की वो,” शिदू कण्हला.

“घराला नाही, हिला टोचलंय!” बाई कडाडल्या. “लशीत मेलेले जंतू असतात. हिच्या रक्तानं ते ओळखून ठेवले, ताप काढून तालीम केली, आणि खरे जंतू पोटात शिरल्यावर त्यांना लोळवलं. तुमच्या रक्तानं तालीम केलीच नाही. हिनं सोसलेलं तुमच्या अंगी कसं लागेल?”

उशाशी बसलेल्या हिरानं हे नीट ऐकून घेतलं.

शिदू वाचला. तो पहिल्यांदा उठून बसला, त्या सकाळी गावातल्या बायका नटूनथटून वडाकडं निघाल्या होत्या. हिरा चुलीपाशी बसून गरम भाकरी मोडत होती. शिदू आ वासून बघत राहिला.

“अगं, आज वटपुनव! माज्यासाटी उपास न्हाई धरलास?”

हिरानं भाकरीवर ठेचा घेतला.

“ज्याला जगायचंय त्यानं धरावा,” ती म्हणाली.