झाकणाखालचा पिझ्झा

विजयश्रीनं पिठावरचं ओलं फडकं उचललं, बोटानं दाबून बघितलं आणि स्वतःशीच हसली. पीठ मस्त फुगून आलं होतं. गव्हाचं पीठ, घट्ट दही, खायचा सोडा, मीठ आणि तेलाचं बोट, बस्स. यीस्ट हवंय कुणाला? खटकचिंचोळीसारख्या खेड्यातल्या दुकानात यीस्ट मागितलं तर दुकानदार सरळ औषधाच्या दुकानाकडं बोट दाखवायचा.

बाहेरच्या खोलीत पोरगी बघायला आलेले पाव्हणे येऊन टेकले होते. पोरगा पुण्यात कंपनीत होता. त्याची आत्या, राजूबाई, गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली होती, "पोराला पिझ्झाचं लई वेड हाय बघा, बाहेरचं खाऊन खाऊन पोट बिघडवून घेतलंय." त्यावर विजयश्रीच्या आईनं, वच्छलाबाईनं, नवा मोबाईल कानाला लावून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "आमची पोरगी घरीच करती की! भाज्या घालून, पोटाला बाधत न्हाई असा!" विजयश्री तिथंच तांदूळ निवडत बसली होती. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. त्या घरात पिझ्झा करता येणारी पोरगी ती एकटीच होती.

याआधीचे पाव्हणे पोहे खाऊन, चहा पिऊन, तिच्या रंगावर बोट ठेवून गेले होते. आज पोहे नाहीत. आज हातची चव आधी पुढं जाईल, मग रंग, असं तिनं मनाशी धरलं होतं.

तिनं जाड पोळी लाटून तव्यावर टाकली. एक बाजू भाजून उलटली, वर टमाट्याची लसणाची चटणी पसरली, कांदा, ढबू मिरची आणि वडिलांनी, आप्पारावांनी, बीदरहून आणलेलं चीज किसून घातलं, झाकण ठेवलं. पहिला पिझ्झा उतरला तेव्हा चीज असं वितळलं होतं की तिलाच खावासा वाटला. तुकडे करून ताटात मांडले, दुसरा तव्यावर चढवला, हात धुतले आणि साडी बदलायला वळली.

खाटेवर काढून ठेवलेली साडी नव्हती.

पडदा सरकवून वच्छलाबाई आत आली. तिच्या मागं धाकटी महादेवी. अंगावर तीच मोरपंखी साडी, डोक्यावर पदर.

"आई, माझी साडी हिनं कामून नेसली?"

"हळू बोल." वच्छलाबाईनं ताट उचललं. "त्यास्नी फोटू हिचा धाडलाय."

"कवा?"

"फोनच्या आधीच."

"मग पिझ्झा?"

"तो तू करायचा. तिला कुठं येतोय?"

असं म्हणाली हो, सख्खी आई. वर आवाज मऊ करून म्हणाली, "हे बघ बाई, मोठी घरात बसलीय म्हटलं की पाव्हणे शंका काढतेत. तुझ्यापायी हिचंबी राहील. गप बस, भायेर येऊ नको."

विजयश्रीनं बहिणीकडं पाहिलं. सकाळी हिची वेणी तिनंच घातली होती. आणि ही बया आरशात बघून म्हणाली होती, "अक्का, आज तू लई छान दिसशील बघ." तेव्हाही हिला सगळं ठाऊक होतं.

महादेवी खाली मान घालून पुटपुटली, "अक्का, दही किती घातलीस? विचारलं तर सांगाय पायजे."

"पिठाच्या निम्मं," विजयश्री म्हणाली. तोंडातून आपसूक गेलं. या पोरीला पाढेसुद्धा तिनंच शिकवले होते.

पडदा पडला. बाहेर ताट फिरलं. थोडा वेळ नुसतं खाणं ऐकू येत होतं, मग राजूबाईचा आवाज आला.

"अगं बया, पुण्यासारखाच की! पोरी, तूच केलीस व्हय?"

"व्हय."

"यीस्ट कुठून आणलीस गं?"

"यीस्ट न्हाई. दही न् सोडा. पिठाच्या निम्मं दही."

सगळे कौतुकानं हसले. पोरगाही हसला. आवाज चांगला होता त्याचा. विजयश्रीनं पदर तोंडात कोंबला.

"आन् तुमची मोठी कुठाय? दोघी हायत म्हणं," राजूबाईनं विचारलं.

"मोठी व्हय? ती खजुरीला गेलीय, मामाकडं," वच्छलाबाई म्हणाली. "घरात आमी तिघंच."

आप्पाराव खाकरले. विजयश्रीनं कान टवकारले. अप्पा बोलतील. अप्पांनी आजवर तिच्याबद्दल खोटं बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं.

"घ्या, घ्या," आप्पाराव म्हणाले. "गरम हाय तवर खावा."

झालं. आता विचारायचं कुणाला आणि सांगायचं कुणाला? आपल्याच तीन माणसांनी तिला जिवंतपणी घरातून काढून टाकलं होतं, आणि तीच माणसं तिच्या हातचं खात बसली होती.

तव्यावरच्या दुसऱ्या पिझ्झाची कड काळी पडायला लागली. झाकणाखालून धूर निघाला. गॅसचं बटण तिच्या हाताशी होतं. तिचा हात सवयीनं पुढं गेला, आणि मध्येच थांबला. मग ती पाटावर बसली आणि दोन्ही हात मांडीत ठेवले.

धूर पडद्याखालून बाहेर निघाला.

"आत कायतरी करपायलंय बघा," राजूबाई म्हणाली. "कोण हाय आत?"

"कोण न्हाई की," वच्छलाबाई घाईनं म्हणाली.

विजयश्री हलली नाही. आत कोणीच नव्हतं. मग झाकण कोण काढणार?