पालकाची सही

गोदाबाईंनी सही केली आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला. कॉलेजचा कारकून चंद्रमौळी यानं तो आधी सरळ धरला, मग आडवा, मग उजेडाकडे.

"मामी," तिकडं वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं तो म्हणाला, "हे काय आहे?"

"माझं नाव."

नाव मोडी लिपीत होतं. तंजावरात आजोबांच्या मांडीवर बसून गिरवलेलं, हात न उचलता एका दमात वाहत गेलेलं. मराठी घरात बोलायची, तमिळ दारात, आणि लिहायचं ते मोडीत, एवढीच गोदाबाईंची विद्या. पण रोज पहाटे अंघोळ करून एकशे आठ वेळा रामनाम लिहिल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नसत.

चंद्रमौळी माणूस वाईट नव्हता. त्यानं नीट समजावून सांगितलं. सही इंग्रजीत हवी, नाहीतर तमिळमध्ये. वाचताच येत नाही ती सही कसली? तिथं अंगठा लागतो. असं म्हणत त्यानं शाईची गादी पुढं केली. अर्ज बाराला बंद होणार होते आणि पावणेबारा वाजून गेले होते.

मद्रासच्या या कॉलेजात मुलींना इंजिनिअरिंगला घ्यायचं हे पहिलंच वर्ष. कनकाला वडील नव्हते, म्हणून पालक आईच. मागं रांगेत मुलांचे बाप उभे होते. त्यांतला एक म्हणाला, पोरगी पूल बांधणार आणि आई अंगठा देणार, मग त्या पुलावरून जायचं कुणी? हशा पिकला. कनकाचे कान तापले. तिनं आईचा पदर ओढला, हळूच विनवलं, की अम्मा, एका ठशानं काय बिघडतंय, घरी जाऊन हात धुऊन टाक. आजचा दिवस गेला तर वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षापर्यंत मामा कुठला थांबायला? मुलगा बघून ठेवलाच होता त्यानं.

गोदाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा आवाज मुळातच देव्हाऱ्यापुरता. तो ऐकायला रांग गप्प झाली.

"बाबा, अंगठा कुणी द्यायचा असतो?"

"ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यानं, मामी."

"मी तर लिहिलं. वाचता कुणाला येत नाही?"

चंद्रमौळीला वाट सुचली. त्यानं अर्ज कनकापुढं धरला आणि तिलाच वाचायला सांगितलं. मुलीनं वाचून दाखवलं तर तो तसा शेरा मारणार होता, अंगठ्याशिवाय अर्ज घेणार होता.

कनकानं त्या ओळीवर डोळे लावले. आईला लिहिताना ती जन्मभर बघत आली होती. शिकायला मात्र इंग्रजीपुढं कधी सवड झाली नव्हती. कुठं काना, कुठं वेलांटी, काही कळेना. नाव तर तिला ठाऊकच होतं. नुसतं तोंडानं म्हटलं की झालं. आई शेजारीच उभी होती, खिडकीच्या गजाला धरून.

"मला वाचता येत नाही," कनका म्हणाली.

गोदाबाईंनी मान हलवली, जणू गणित बरोबर आलं.

"मग तुम्ही दोघं द्या अंगठा. माझी सही झाली आहे."

कनकानं डावा अंगठा गादीवर दाबला आणि स्वतःच्या झोकदार इंग्रजी सहीखाली, मागच्यांनाही दिसेल असा, ठसठशीत उमटवला. मग गादी गजांतून आत ढकलली.

"सार, आता तुमचा."