डावखुरी वीण

वडील वारल्याला महिना झाला त्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता, वेताच्या टोपल्या विणणाऱ्या त्या घराच्या पुढच्या खोलीत थोरल्या लेकीची परीक्षा होती. त्या घरच्या टोपलीतून पाणी गळत नसे. वडिलांची अर्धवट राहिलेली टोपली तिने पुरी करायची. ती गळली, तर घरच्या या कारखान्याला कायमचे कुलूप, अशी वडिलांच्या धाकट्या बहिणीची, आत्याची, अट होती.

"तुझ्या विणीतून बैल पळून जाईल," आत्या समोर बसत म्हणाली.

"बैल राहू द्या, आत्या. तुम्ही आपलं पाणी ओता," लेक म्हणाली आणि तिने पुढचा वेढा ओढून घट्ट बसवला.

वडील डावखुरे, त्यांचे वेढे डावीकडे वळत. तिचे उजवीकडे वळत होते, आणि दोन विणींचा सांधा स्पष्ट दिसत होता.

शेवटचा वेढा बसताच आत्याने टोपलीत घागर रिती केली. थेंबही गळला नाही.

पाणी निवळले, तेव्हा दोघी आत वाकल्या. सांधा कुठेच नव्हता. आत्याच्या डोळ्यांदेखत उजव्या हाताने पुरी केलेली ती टोपली तळापासून काठापर्यंत डावीकडे वळलेली होती.

आपला थोरला भाऊ खोलीत आला की उठावे, तशी आत्या उठून उभी राहिली.

"कुलूप लावायचं नाही," ती म्हणाली. "इथे काम चालू आहे."