होडीत दोनच जागा

पुराचं पाणी घराच्या पत्र्याला टेकलं तेव्हा नावाडी नसलेली सरकारी होडी आपोआप आली आणि तिनं दोनच जागा उघडल्या. पत्र्यावर सगुणा, तिची सून रत्नमाला आणि तीन नातवंडं होती.

"अगं ए, पाच जण आहोत की आम्ही!" सगुणा ओरडली.

"जनगणनेत या घरात दोनच माणसं आहेत," होडी म्हणाली.

"आत्याबाई, मोजणीचं यंत्र दारात आलं तेव्हा पोरं कणगीमागं तुम्हीच लपवलीत," रत्नमाला फणकारली. "म्हणे, मोजली की नजर लागते!"

सगुणानं दोन पोरं होडीत बसवली. तिसरं सुनेच्या कडेवरच राहिलं. मग तिनं होडीपुढं हात जोडले. "मोज गं बाई, आता तरी मोज."

"पुढची गणना आठ वर्षांनी," होडी म्हणाली आणि निघाली.