केतकीबाईंनी सांगितलेला नवरा

माणूस म्हणजे त्याच्या आठवणींची गोष्ट, असं स्मृतिकेंद्राच्या दारावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. त्याखाली चपला बाहेर काढण्याची विनंतीही होती.

आजारपणात मंदाररावांची पाटी पार कोरी झाली होती. आता बायको सांगेल तेवढंच यंत्र त्यांच्या डोक्यात भरणार होतं. सत्तरीच्या केतकीबाई माईकपुढे बसल्या आणि होता त्यापेक्षा बराच बरा नवरा सांगू लागल्या. तो पोळ्या लाटायचा, त्यांच्या गाण्याला दाद द्यायचा. "आमचं कधी भांडण झालं नाही," असंही त्या म्हणून गेल्या आणि थबकल्या.

"डॉक्टरीणबाई, हे सगळं पुसता येईल?"

"येईल की. पण का, आजी? आजोबा किती छान होत होते."

"छान आहेत हो. पण परक्या पुरुषाला घरी कुठं नेऊ?"

मग त्यांनी सगळं खरं सांगितलं. भांडणं तर तारखांसकट.

संध्याकाळी मंदाररावांनी डोळे उघडले. ते बायकोकडे वळले.

"केतके, निघताना पंखा बंद केलास ना?"

हे काही केतकीबाईंनी यंत्राला सांगितलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि हो म्हणून मान हलवली.

पंखा चालूच राहिला होता.