नंबरावरचा दिवा

मागे बसलेल्या पत्नीच्या, उर्मिलाबाईंच्या पदराने मोटरसायकलचा नंबर झाकला जातो, म्हणून मनमोहन धुरंधरांनी पाटी बाजूला लावून घेतली. वर तिला दिवाही जोडायला सांगितला.

"साहेब, अख्ख्या लालबागेत कुणाच्या नंबराला दिवा नाय," वायर ओढता ओढता रामदास मिस्त्री म्हणाला.

"सरकारी नोकर आहे रे मी. कायद्यात राहिलेलं बरं."

त्याच संध्याकाळी ते संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेले. सरकारी नोकरांना तिथे जायला बंदी, म्हणून गाडी चाळीस गाड्यांच्या गर्दीत, काळोखात लावली. दिवा तेवढा विझवायचा राहिला.

तिसऱ्या दिवशी मेमो आला. सभेबाहेर गाड्यांचे नंबर टिपणाऱ्या पोलिसांना एवढा एकच नंबर वाचता आला होता.



मेमो हातात देताना हेडक्लार्क हळूच म्हणाले, "दिवा मात्र झकास हो, धुरंधर! शेजारचीच माझी गाडी, काळोखातही पटकन सापडली."